पुढचे चार बोल्ट

गाडी बुटकी होती, रुंद होती आणि ओल्या पाटीसारखी राखाडी होती. दोन दारं, मागं नावापुरती सीट. लिफ्टवर चढवली तेव्हा तिची चारही चाकं खाली लोंबली आणि मिस्त्रीला वाटलं, झोपेतल्या पोराला काखेत धरून उचललं की पाय असेच लोंबतात.

गाडी दातांच्या डॉक्टरांची. डॉक्टरांची कंबर दिवसभर वाकून वाकून कामातून गेलेली, आणि त्यांना गाडी हवी होती आणखी कडक. "वळणावर झुकायला नको हो," ते म्हणाले होते. "रुळावर धावल्यासारखी धावली पाहिजे." म्हणून बाहेरच्या कंपनीच्या बुटक्या स्प्रिंगा आल्या होत्या, त्यांच्या जोडीचे, धक्के झेलणारे कडक शॉक आले होते. इंजिनाच्या वर दोन्ही शॉकच्या डोक्यांना जोडणारी एक जाड आडवी दांडी आली होती. पोटाखाली बसवायची पोलादी चौकटही आली होती, सांगाडा पिळू नये म्हणून. सगळं खोक्यांत, फोमात गुंडाळून, आहेरासारखं.

"कंबर त्यांची मोडणार आणि नाव आपलं होणार," मिस्त्री म्हणाला होता.

"मोडू दे. स्वतःच्या हौसेनं मोडतेय," धाकटी म्हणाली होती.

धाकटी म्हणजे मिस्त्रीची बहीण. वय शेहेचाळीस, पण मिस्त्री तिला अजून 'चिमणे' म्हणायचा आणि गिऱ्हाइकं 'ताई'. गॅरेज दोघांचं. सामान मागवणं, हिशोबाचं बघणं आणि चाकांची अलाइनमेंट तिच्याकडे. गाडीच्या पोटाखालचं सगळं मिस्त्रीकडे. गेली एकतीस वर्षं गाडीच्या पोटाखालचं आकाश हेच त्याचं आकाश. त्याला चांदण्या नव्हत्या, बोल्ट होते.

पण वर्षभरापासून उजवा खांदा आखडला होता. हात छातीपर्यंत यायचा, त्याच्या वर जायचं म्हटलं की आत कुणीतरी दार लावून घ्यायचं. उताणं पडून हात वर करून पाना ओढायचा म्हणजे तर जिवावर यायचं. शर्ट घालताना तो आधी उजवी बाही चढवायचा, मग उरलेला शर्ट अंगाभोवती फिरवून आणायचा. धाकटीने ते दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा बोलली.

"दादा, आता खालचं काम सोड. काउंटरवर बस. खालच्या कामाला आपण माणूस ठेवू."

"काउंटरवर? मी? शोभेचा?"

"फोन घ्यायचे, लोकांचं ऐकून घ्यायचं. ते काय कमी काम आहे?"

"हे डॉक्टरांचं काम मी एकटा करतो. स्प्रिंगा, शॉक, दांडी, चौकट, सगळं. नीट झालं तर पुन्हा तो विषय काढायचा नाही. नाही झालं तर तू म्हणशील तिथं बसेन."

"पैज लावतोस होय?"

"पैज नाही. सांगतोय."

तिने मान डोलावली. मिस्त्रीला ठाऊक होतं, बहिणीची मान एकदा डोलली की ती काळ्या दगडावरची रेघ. म्हणजे या राखाडी गाडीवर त्याची इथली जागा टांगलेली होती. त्या लोंबत्या चाकांबरोबर तीही लोंबत होती.

काल त्याने मागची बाजू केली, आणि जशी करायची तशी केली. चाकाला सांगाड्याशी धरून ठेवणारे जे आडवे दांडे असतात, ज्यांना आर्म म्हणतात, त्यांच्या मुळाशी रबराचे बुश असतात. नवी स्प्रिंग बसवताना त्यांचे बोल्ट सोडावे लागतात. पुन्हा आवळताना मात्र एक पथ्य असतं. गाडी हवेत आणि चाकं लोंबत असताना ते बोल्ट पक्के आवळायचे नाहीत. नुसते बोटाने लावून ठेवायचे, गाडी जमिनीवर उतरवायची, तिचा सगळा भार तिच्या चाकांवर येऊ द्यायचा आणि मग, ती जशी उभी राहते तशी उभी असतानाच, खाली शिरून आवळायचे. हवेत आवळले तर रबर त्या लोंबत्या स्थितीतच पकडलं जातं. पुढं गाडी खाली बसायला बघते आणि रबर पीळ खाऊन तिला वर ढकलत राहतं. बसत नाही, उठत नाही. सहा महिन्यांत फाटतं.

हे पथ्य मिस्त्रीने गॅरेजात आजवर राबून गेलेल्या प्रत्येकाच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. ओरडूनही न ऐकणाऱ्यांसाठी त्याने त्याची ओवीच करून टाकली होती,

चाक टेकू दे भुईला, भार येऊ दे अंगाला,
मग आवळ रे बोल्ट, आधी लागू नको त्याला.

आणि आवळून झालं की बोल्टाच्या डोक्यावरून रंगाची एक रेघ. मिस्त्रीची पिवळी, धाकटीची पांढरी. रेघ ओढली म्हणजे तो बोल्ट झाला. मग त्या बोल्टाला दुसऱ्या कुणी पाना लावून बघायचं नाही. तसं बघणं म्हणजे समोरच्याला खोटं म्हणणं. हा नियमही त्याचाच.

तर काल मागच्या चार बोल्टांसाठी त्याने गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर घेतली, चाकं लावलेल्या फळीवर उताणा झोपला आणि खाली सरकला. गाडी आधीच बुटकी, त्यात आता आणखी खाली आलेली. नाकाला सांगाडा लागत होता. चार बोल्टांना सव्वा तास लागला. एकेका बोल्टाला तो डाव्या हाताने उजवा हात वर उचलून द्यायचा, जणू दुसऱ्याच कुणाचा हात आहे, आणि मग दोन्ही हातांनी पाना ओढायचा. शेवटच्या बोल्टाला डोळ्यांत पाणी आलं. ग्रीसच्या हाताने पुसलं तर आणखी आलं. बाहेर आल्यावर धाकटीने विचारलं, "झालं?" तो म्हणाला, "झालं." तिने चेहऱ्यावरचे काळे पट्टे बघितले आणि फडकं पुढं केलं.

रात्रभर खांदा ठसठसत राहिला. सकाळी दात घासायचा ब्रश त्याने डाव्या हातात धरला.

आणि आज पुढचे चार बोल्ट.

गाडी लिफ्टवर होती. लिफ्टखाली सरळ उभं राहता येत होतं. पाना छातीच्या उंचीवर धरता येत होता. खांद्याला बरं वाटत होतं. नव्या स्प्रिंगा बसल्या होत्या, शॉक बसले होते, पोटाखालची चौकट लागली होती. आर्मचे चारही बोल्ट बोटाने लावून झाले होते. आता गाडी खाली घ्यायची, चाकं चढवायची, ठोकळे, फळी, उताणं, नाकाला सांगाडा.

तो पाना हातात घेऊन उभा राहिला.

विसरला असता तर बरं झालं असतं. विसरणं माणसाला माफ असतं. पण मिस्त्री विसरला नव्हता. त्याला ती ओवी शब्दन् शब्द आठवत होती. फक्त अंगात काही शिल्लक नव्हतं. हाडांच्या आतून येतो ना, झोपूनही न जाणारा शीण, तसा शीण आला होता. धाकटी पलीकडे अलाइनमेंटच्या यंत्राशी होती, तिची पाठ इकडे होती. एक बोल्ट आवळला. टॉर्कच्या पान्याने, पुरेसं आवळलं की करतो तसं, 'टक्' केलं, नेहमीसारखंच. पान्याला काय ठाऊक, गाडी कुठं आहे ते. दुसरा. तिसरा. चौथा. पाच मिनिटं लागली नाहीत.

मग त्याने पिवळा रंग घेतला आणि चारही डोक्यांवरून चार रेघा ओढल्या. रेघा सरळ आल्या, याचंच त्याला नवल वाटलं.

गाडी खाली घेतली, चाकं चढवली. इंजिनावरची आडवी दांडी उभ्या उभ्या लावायची होती, तिचे बोल्ट त्याने मन लावून, दोनदा तपासून आवळले. अंगणातून एक चक्कर मारून गाडी त्याने अलाइनमेंटच्या पाट्यांवर आणून उभी केली आणि किल्ली धाकटीच्या हातात ठेवली.

"चारही बाजू?"

"चारही."

"शाब्बास रे माझ्या पठ्ठ्या," ती म्हणाली आणि हसली. 

तो नळाखाली हात धूत राहिला. ग्रीस कधीच निघालं होतं तरी धूत राहिला. मागून तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं. उकिडवी बसून, चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत टेप लावत ती आपल्याच तंद्रीत म्हणत होती, "चाक टेकू दे भुईला, भार येऊ दे अंगाला..." कामाशी जुळलेली सवय होती ती. मुद्दाम नव्हती. मुद्दाम असती तर सोसली असती.

गुणगुणणं थांबलं.

"दादा, इकडे ये बरं."

तो टॉवेलला हात पुसत गेला.

"मागं बघ. कागदावर लिहिलंय तितकीच खाली बसलीय, अगदी दोऱ्यात. आणि पुढं बघ." तिने टेप धरला. "दीड बोट वर. दोन्हीकडे सारखीच. नाक वर करून उभी आहे बया."

मिस्त्रीने टॉवेल डाव्या खांद्यावर टाकला.

धाकटीने बॉनेटवर हात टेकून गाडी दाबली, सोडली, पुन्हा दाबली. मग ती वाकली, चाकामागून आत बॅटरी मारली.  बॅटरीचा उजेड आर्मवरून सरकत बोल्टाशी गेला, पिवळ्या रेघेवर क्षणभर थांबला आणि पुढं गेला. तिथं बघण्यासारखं तिच्यासाठी काही नव्हतंच. पिवळी रेघ होती, म्हणजे बोल्ट झाला होता. तिने स्प्रिंगवर उजेड मारला आणि तिथंच धरला.

"स्प्रिंग चुकीची आलीय," ती हळूच म्हणाली. "या गाडीत एक जड इंजिनचं मॉडेल येतं ना, त्याची पुढची जोडी असणार ही. आपलं हलकं. म्हणून वर उचलतेय." ती उठली. चेहरा उतरला होता. "माझंच चुकलं रे. नंबर मीच टाकला होता. दोनदा बघितला होता मी... म्हणजे, बघितला असं वाटतंय."

"नंबर बरोबर असेल."

"बरोबर असता तर अशी उभी राहिली असती का? तू एवढं मरमर करून बसवलंस आणि मी..." ती कपाळावर हात मारून घेत यादीचा कागद शोधायला वळली. "आता सगळं परत खोलायचं. तेही तुलाच. तुझा तो खांदा, आणि मी ही अशी आंधळी."

मिस्त्री गाडीजवळ उभा राहिला. किती सोपं होतं. गप्प बसायचं. चुकीची स्प्रिंग परत जाईल, दुसरी येईल, त्या निमित्ताने बोल्ट पुन्हा सुटतील आणि तेव्हा तो नीट आवळेल. कुणाला कळणार नाही. गाडीचं काही बिघडणार नाही. जागा राहील. फक्त धाकटी स्वतःला आंधळी म्हणत राहील. पुढच्या प्रत्येक मागणीचा नंबर तीनदा, चारदा वाचत राहील, आणि तरी तिला खात्री वाटणार नाही.

एवढ्यात दारात डॉक्टर उभे. पेशंट लवकर आटपले असावेत. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या अजून वर सारलेल्याच.

"झाली का आमची नवरी तयार?"

धाकटी पुढं झाली. तिने पदर खोचावा तसा आवाज सावरला. "डॉक्टर, थोडं थांबावं लागेल. पुढच्या स्प्रिंगा माझ्याकडून चुकीच्या मागवल्या गेल्यात. आठवडाभर जाईल."

"आठवडा? अहो ताई, उद्या आमच्या ग्रुपची घाटात ड्राइव्ह आहे! सगळ्यांना सांगून बसलोय मी." ते गाडीभोवती फिरले, पुढं येऊन वाकले. कंबर धरूनच वाकले. "हो की. नाक वर केलंय. माझ्या सासूबाई दिसतात अशा." स्वतःच्या विनोदाला ते हसले नाहीत. "ताई, एक सांगू? मी चुकीचा दात उपटला आणि पेशंटला म्हटलं, आठवडाभराने या, बरोबरचा उपटतो, तर तो मला कुठल्या तोंडानं हसेल?"

"बरोबर आहे तुमचं," धाकटी म्हणाली. "चूक माझी आहे."

"एवढी वर्षं काम करता, नंबर वाचता येऊ नये?"

तिने मान खाली घातली. हातातल्या कागदाची घडी घालायला लागली. घातली, उलगडली, पुन्हा घातली. लहानपणी शाळेत छडी खाऊन आली की फ्रॉकच्या टोकाची अशीच घडी घालायची.

"नंबर बरोबर आहे," मिस्त्री म्हणाला.

दोघांनी वळून पाहिलं.

"स्प्रिंग हीच आहे. चूक ताईची नाही, माझी आहे. पुढचे चार बोल्ट मी गाडी लिफ्टवर असतानाच आवळले."

गॅरेजात कॉम्प्रेसर भरत होता. तो भरून थांबला.

"म्हणजे काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"म्हणजे तुम्ही पेशंटला तोंड उघडं ठेवूनच कवळी घट्ट बसवली, आणि आता त्याला तोंड मिटता येत नाही," मिस्त्री म्हणाला. "तासाभराचं काम आहे. उद्या घाटात जाल तुम्ही."

"पण तुम्ही असं... तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग?"

मिस्त्रीने काही सबब शोधली. एकही हाताला लागली नाही.

"दमलो होतो," तो म्हणाला.

डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. कदाचित त्यांनाही संध्याकाळचा शेवटचा पेशंट आठवला असेल. ते कोपऱ्यातल्या टायरवर जाऊन बसले.

धाकटीने भावाकडे पाहिलं. ती रागावली असती तर त्याला तोंड देता आलं असतं. ती रागावली नव्हती. कुणी रस्त्यात अनोळखी माणसाला ओळखीचा समजून हाक मारावी आणि वळल्यावर चेहरा भलताच निघावा, तशी ती बघत होती.

"रेघ ओढलीस तू," एवढंच म्हणाली.

"हो."

"मी त्या रेघेकडे बघितलं रे. आणि स्वतःला आंधळी म्हटलं."

"ऐकलं मी. म्हणून तर बोललो. नाहीतर नसतो बोललो, चिमणे. खरं सांगतो, नसतोच बोललो."

 तिने ठोकळे ओढून आणले, एक एक करून चाकांपुढं लावले. गाडी चढवली. फळी आणून पुढं ठेवली. त्याने फळीकडे पाहिलं, ती म्हणाली, "शिर. तुझे बोल्ट आहेत."

तो शिरला. खालचं जग तसंच होतं, जवळ, काळं, तेलाच्या वासाचं. पहिला बोल्ट त्याने डाव्या हाताने सोडला, कसाबसा. दुसऱ्याला पाय चाकाला लावून जोर काढला. तिसऱ्याला उजवा हात वर उचलून दिला, पाना लावला आणि ओढला. खांद्यात वीज गेली. पाना सुटून छातीवर पडला. तो तसाच पडून राहिला. श्वास लागला होता.

"दादा?"

"हं."

"लागलं?"

"नाही. हात येत नाहीये."

 मग पलीकडच्या बाजूने पुठ्ठा सरकल्याचा आवाज आला आणि धाकटी पाठीवर घसटत आत आली. तिला फळी नव्हती. दोघांची डोकी शेजारी शेजारी आली, पाय दोन दिशांना.

"अहो, दोघंही खाली गेलात!" वरून डॉक्टरांचा आवाज आला. त्यांचे चकचकीत बूट चाकापाशी दिसत होते. "मी काय करू?"

"बसा," धाकटी म्हणाली. "आणि तोंड बंद ठेवा. तुम्ही सांगता ना सगळ्यांना, उघडा, तसं उलट."

बूट निमूटपणे मागे गेले.

तिने पाना घेतला. "हा ना?"

"हा. कान लावून सोड. एकदम नको."

तिसरा सुटला. चौथा सुटताना रबराने किंचित कण्हल्यासारखा आवाज केला, दीर्घ, आतून आलेला, आणि गाडी पुढून त्यांच्या डोळ्यांदेखत दीड बोट खाली उतरली. श्वास सोडून कुणी बसावं तशी. सांगाडा मिस्त्रीच्या नाकाशी आला.

"बसली बया," धाकटी पुटपुटली.

"डॉक्टर," मिस्त्रीने आवाज दिला, "बॉनेटवर दोन्ही हात ठेवून दोनदा दाबा. कंबर सांभाळून."

गाडी वर-खाली झाली, स्थिरावली. मग धाकटीने बोल्ट आवळायला घेतले. तो सांगत होता, ती आवळत होती. कुठल्या कोनातून पाना लावायचा, कुठं कोपर टेकवायचं, 'टक्' झाल्यावर हाव करायची नाही. तिचा दंड थरथरत होता. तिने आयुष्यात एवढं खालचं काम केलं नव्हतं. एकतीस वर्षं हेच करत होता हा, असा काहीतरी विचार तिच्या मनात आला असावा, कारण तिसऱ्या बोल्टानंतर ती मध्येच थांबली आणि नुसतं त्याच्याकडे बघितलं. इतक्या जवळून दोघांनी एकमेकांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"कधी सांगणार होतास? हात येत नाही ते."

"तुला दिसत होतंच की."

"दिसणं वेगळं. तू सांगणं वेगळं."

चौथा बोल्ट झाला. दोघंही तिथंच पडून राहिली. बाहेर निघायला हवं होतं, पण कुणीच हललं नाही.

"उद्यापासून काउंटरवर बसतो," मिस्त्री म्हणाला.

"मी काही म्हटलं का?"

"तू म्हणणार नाहीस. म्हणून मी म्हणतोय."

तिने पाना बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तिथं लोकांशी गोड बोलावं लागतं. जमेल?"

"नाही जमणार."

"मग?"

"शिकेन. तू आत्ता उताणं पडून पाना धरायला शिकलीस ना? तोही वेडावाकडाच धरत होतीस."

तिला हसू आलं. हसताना तिचं कपाळ सांगाड्याला आपटलं, आणि मग डोळ्यांत आलेलं पाणी आपटल्याचं की कशाचं, हे तिने त्याला विचारू दिलं नाही. घसटत बाहेर निघाली. बाहेर जाऊन तिने फळीचं टोक धरलं आणि भावाला ओढून काढलं, सावकाश, एखादा जड दरवाजा ओढावा तसं.

तो जमिनीवरच बसून राहिला. धाकटी पुन्हा टेप घेऊन चाकांशी गेली. डॉक्टर तिच्यामागे, हात मागे बांधून, निमूट.

काउंटरवरचा फोन वाजला. वाजत राहिला. धाकटीचे दोन्ही हात गुंतले होते. तिने वळून बघितलं आणि पुन्हा टेपकडे वळली.

मिस्त्री टेबलाचा आधार घेऊन उठला. डाव्या हाताने फोन उचलून कानाला लावला.

"हॅलो. हो, गॅरेज." तो जरा थांबला. "मिस्त्री कामात आहेत. आता मिस्त्री म्हणजे माझी बहीण. काय झालं ते मला सांगा."

पलीकडचा माणूस सांगू लागला. कसला तरी आवाज येतो म्हणे गाडीतून, कधी येतो, कधी येत नाही, कुणाला दाखवला तर नेमका येत नाही. बरंच लांबण लावलं होतं त्याने. मिस्त्री खुर्चीत टेकला, पाठ मागे सोडली आणि डोळे मिटले.

"हं," तो म्हणाला. "वळताना येतो, की सरळ जाताना? ... नाही नाही, घाई नाही. आठवून सांगा."